बिशपसाहेब डावीकडे

सगळा घोळ कुत्र्यामुळे झाला, असं क्लार्कनवेलमध्ये अजूनही कोणी कोणी सांगतं. साफ खोटं आहे. कुत्रा निर्दोष होता. चित्राच्या कोपऱ्यात तो आला, कारण टोबायस पेनफोल्डची कोरणी एकदा निसटली आणि तांब्याच्या पत्र्यावर नको तिथे ओरखडा उठला. तो ओरखडा घोटून घोटून घालवण्यापेक्षा त्याच्यावर कुत्रा बसवणं सोपं, हे त्या धंद्यातल्या प्रत्येकाला ठाऊक असतं. एखाद्या धार्मिक चित्रात काही कारण नसताना कुत्रा, झुडूप किंवा ढग दिसला, की खुशाल समजावं, इथे कोरणाऱ्याचा हात घसरलाय. पण जाणकारांना हे कोण सांगणार? त्यांना कुत्र्यातही राजकारण दिसतं.

टोबायस चाळीस वर्षं तांबं कोरत होता. चित्रं दुसऱ्यांची, कोरायची ह्याने. त्याने कोरलेल्या ठशांमुळे ज्यांची नावं घरोघर गेली, त्या चित्रकारांना अकादमीत मखमली खुर्च्या मिळाल्या. कोरणाऱ्याला तिथे उभं राहायलाही जागा नव्हती. ह्या एका गोष्टीने तो आतल्या आत कुढत म्हातारा झाला होता. खोकला होता, डोळे अधू झाले होते. रेषा मात्र अजून केसासारखी यायची. किंबहुना त्याला फक्त रेषाच दिसायच्या. चित्र दिसायचं बंद होऊन वीस वर्षं झाली होती.

चित्राखालची अक्षरं तो कोरत नसे. ते काम त्याच्या बायकोचं, डॉर्कसचं. पत्र्यावर अक्षर उलटं कोरावं लागतं, तेव्हा कुठे कागदावर ते सुलटं उमटतं. डॉर्कस नऊ वर्षांची असताना चुलत्याने तिला हे शिकवलं, आणि शाळेचं तोंड तिने कधी पाहिलं नसल्यामुळे तिची सगळी अक्षरओळख तांब्यावरच झाली. त्यामुळे तिला उलटं वाचता यायचं, घडाघडा. सुलटं यायचं नाही. छापील कागद समोर आला की ती आरशापुढे धरायची. चर्चमध्ये प्रार्थनेचं पुस्तक उघडून ती नुसते ओठ हलवी, आणि पाद्रीसाहेब दर रविवारी तिच्याकडे कीव आल्यासारखं बघत.

हे पाद्रीसाहेब म्हणजे डॉक्टर सेप्टिमस हॉट्री. ईस्टरला धर्मादाय शाळेतल्या मुलांना ‘अंतिम न्याया’चं चित्र वाटावं, असं त्यांच्या मनात आलं. मधोमध सिंहासनावर प्रभू, दोन्ही हात पसरलेले. प्रभूच्या उजव्या हाताला धन्य लोक, डाव्या हाताला शापित. इथवर ठीक होतं. पण कोण धन्य आणि कोण शापित, ह्याची यादीही पाद्रीसाहेबांनीच दिली. धन्य लोकांत बिशपसाहेब, मॅजिस्ट्रेट सर मार्मड्यूक ओकशॉट, एक दारूभट्टीवाले देणगीदार आणि त्यांच्या पत्नी. शापितांत टोपीवाला विणकर, जिन नावाची स्वस्त दारू विकणारी बाई, सारंगीवाला आणि सरकारविरुद्ध पत्रकं वाटणारा एक जण.

“आणि नरकाची आग नको हं, पेनफोल्ड,” पाद्रीसाहेब म्हणाले होते. “मुलं भितात. देणगीदारही भितात.”

म्हणून आग नाही, सैतान नाही. दोन्हीकडे नुसते दोन घोळके उभे. टोबायसने पेन्सिलीने चित्र काढलं, पाद्रीसाहेबांनी त्याच्या खाली पसंतीची सही ठोकली. कोणाला उचलायचं आणि कोणाला हाकलायचं, हे खालच्या दोन ओळी सांगणार होत्या. एका घोळक्याखाली, ‘या, आशीर्वाद मिळालेल्यांनो’. दुसऱ्याखाली, ‘निघा इथून, शाप लागलेल्यांनो’.

टोबायसला चेहरे मनाने सुचायचे नाहीत, ओळखीचे लागायचे. शापित विणकरासाठी त्याने डॉर्कसच्या धाकट्या भावाला बसवलं. गिडियन खरोखरीचा विणकर होता, स्पिटलफील्ड्समध्ये रेशीम विणायचा. एका रविवारी वाटाण्याची दाट आमटी ओरपून तो टोपी तिरकी घालून खिडकीशी बसला आणि दात काढत म्हणाला, “नरकात बसवतोस काय रे मेव्हण्या? बसव, बसव. तिथे निदान बिशप तरी भेटणार नाही.”

“गप बस, हनुवटी हलतीय,” टोबायस म्हणाला.

तो जूनचा महिना. ऑगस्टमध्ये गिडियन मँचेस्टरला गेला. तिथे मताचा हक्क मागायला मोठी सभा होती, बायकामुलं सणाचे कपडे घालून आली होती, आणि त्या गर्दीत घोडदळ घुसलं. गिडियन परत आला नाही. आला तो एका ओळखीच्याचा निरोप.

डॉर्कसने घरातला आरसा आपल्या काळ्या शालीने झाकला. कोणी गेलं की घरोघर तसंच करतात. फक्त ह्या घरातला आरसा तोंड बघायचा नव्हता, टोबायसच्या कामाचा होता. मूळ चित्र त्या आरशापुढे ठेवायचं, आरशात दिसेल ते, म्हणजे उलटं, पत्र्यावर उतरवायचं. मग छापल्यावर सगळं पुन्हा जागच्या जागी येतं. आरसा पंधरा दिवस झाकलेला होता. बायकोच्या दुःखावरची शाल ओढून काढायला टोबायसचा हात धजला नाही, आणि तसं बोलून दाखवायलाही त्याला जमलं नाही. तो भिंतीकडे तोंड करून बसला आणि त्याने चित्र समोर ठेवून जसंच्या तसं, सुलटंच, पत्र्यावर आखून टाकलं. चाळीस वर्षांत पहिल्यांदा. नंतर आरसा उघडला, पण आखणी झालेली होती आणि टोबायस रेषांत बुडालेला होता.

मार्चमध्ये पत्रा अक्षरांसाठी डॉर्कसकडे आला. तिने तिच्या रीतीप्रमाणे ओळी बरोब्बर जागी, उलट्या कोरायला घेतल्या. ‘या’ कोरून झालं आणि तिने मान वर केली. त्या शब्दाच्या वर गिडियन होता. टोपी तिरकी, दात काढलेले. आणि दुसऱ्या टोकाला, जिथे आता ‘निघा इथून’ यायचं होतं, तिथे बिशपसाहेब पोट पुढे काढून उभे होते.

तिला कळलं. तांब्यावर वाचणाऱ्या बाईला हे एका नजरेत कळतं. छापल्यावर बिशप, मॅजिस्ट्रेट आणि दारूभट्टीवाले प्रभूच्या डावीकडे जाणार होते, आणि विणकर, सारंगीवाला, जिनवाली उजवीकडे. नवऱ्याला हाक मारायची, एवढंच तिच्या हातात होतं. तो शेजारच्या खोलीतच खोकत होता.

तिने हाक मारली नाही. तिने दुसरी ओळ कोरली, अक्षर न् अक्षर रेखीव, आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच्या हाताने दोनशे प्रती छापल्या. तिला कोणाचं राज्य उलथायचं नव्हतं. भाऊ छान दिसत होता, इतकंच.

पाद्रीसाहेबांनी गठ्ठा सोडून वरची प्रत पाहिली ती फक्त तळाला छापलेलं आपलं नाव नीट आहे की नाही एवढ्यापुरती. नाव नीट होतं. ईस्टरच्या दिवशी चित्रं वाटली गेली. सोमवारी ज्यूक्स न्हाव्याने मुलाला मिळालेलं चित्र दुकानाच्या काचेला चिकटवलं, आणि दुपारपर्यंत रस्ता अडला. लोक पोट धरून हसत होते. “अरे बघा बघा, बिशपला हाकललं!” “मॅजिस्ट्रेटचं तोंड बघ, जामीन मिळेना वाटतं!” एका विणकराने टोपी काढून चित्राला मुजरा केला.

सरकार त्या वर्षी आपल्याच सावलीला बिचकत होतं. मंगळवारी सकाळी दोन शिपाई आले आणि राजद्रोह व धर्मनिंदेच्या आरोपाखाली टोबायसला घेऊन गेले.

डॉर्कसचं काळीज फाटलं. त्या खोकल्याला कोठडीतली ओल किती दिवस सोसणार, हे तिला वैद्याने सांगायची गरज नव्हती. शिक्षा झाली तर दोन वर्षं. दोन हिवाळे. त्यातला पहिलाच त्याला पुरला असता. ती पावाला चरबी लावून, पोर्टर बिअरची बाटली घेऊन कोठडीवर गेली, तर तिथे तिच्या आधी दुसराच कोणी येऊन बसलेला.

तो मिस्टर ऑरेलियस क्रू. कवी होता. गळ्याची गुंडी उघडी, केस फार मेहनतीने विस्कटलेले. बापाची दोन गावं होती आणि त्या गावांच्या जिवावर तो गरिबांची बाजू घ्यायचा. चित्रावर त्याने सोळा पानांचं पत्रक लिहून काढलं होतं आणि तेच टोबायसला वाचून दाखवत होता.

“बिशपच्या पोटावरच्या ह्या आडव्या-उभ्या रेषा पाहिल्यात? हे नुसतं पोट नाही. हे गरिबाचा पाव महाग करणारे धान्यावरचे कायदे आहेत! रेषेवर रेषा, जाळीच! आणि त्या जाळीत अडकलेली जनता!”

“पोट गोल दिसायला तशा रेषा लागतात,” डॉर्कस म्हणाली.

दोघांनीही ऐकलं नाही. टोबायस ताठ बसला होता. तो असा ताठ बसलेला तिने लग्नाच्या दिवशी पाहिला होता.

“मॅजिस्ट्रेट डाव्या हाताने लिहितो आहे!” क्रू पुढे म्हणाला. “म्हणजे न्यायच वाकडा! आणि कुत्रा... पेनफोल्ड, तुमचा हा कुत्रा म्हणजे सगळ्या चित्राचा प्राण आहे. पाठ फिरवून बसलाय, सिंहासनाकडे बघतसुद्धा नाही. हा इंग्लंडचा स्वाभिमान!”

“तो मस्टर्ड आहे,” डॉर्कस म्हणाली. “आमचाच होता, दोन वर्षांपूर्वी मेला. ओरखड्यावर बसवलाय त्याला.”

क्रूने तिच्याकडे फार मायेने पाहिलं. “बाई, कलावंत ज्या घरात राहतो, त्या घराला तो कधीच दिसत नाही.”

“ऐकलंस?” टोबायस म्हणाला.

डॉर्कसच्या डोक्यात तिडीक गेली. “मिस्टर पेनफोल्ड, भाकडकथा पुरे. तुमच्याकडून चित्र उलटवायचं राहून गेलं. एवढं सांगा, सोडतील तुम्हाला.”

“चूक म्हणू?” टोबायस उसळला आणि खोकला. खोकला थांबायला बराच वेळ लागला. “चाळीस वर्षांत माझी एक चूक झाली नाही. आणि आज पहिल्यांदा कोणी माझ्या चित्रात अर्थ आहे म्हणतंय, तर मी उठून सांगू, की नाही हो, मी मूर्ख आहे, मला डावंउजवं कळत नाही?”

“तुरुंगात मराल.”

“हुतात्मा होतील,” क्रू म्हणाला, आणि लगेच वहीत काहीतरी टिपून घेतलं.

तिच्या जिभेवर आलं होतं, की अर्थ असलाच तर तो माझा आहे. पण क्रूच्या वहीत गेलेली गोष्ट दुसऱ्या दिवशी अख्ख्या लंडनला कळायची, आणि मग शेजारची कोठडी तिची झाली असती. ती पावाची पुरचुंडी ठेवून घरी आली आणि त्या आरशासमोर बसून रडली. त्याच्यावर रागावून रडली, स्वतःवर त्याहून जास्त.

चौकशी शुक्रवारी होती, सर मार्मड्यूक ओकशॉट ह्यांच्यापुढे. म्हणजे चित्रात जे शापितांत उभे होते तेच चित्राचा निवाडा करणार होते, आणि ह्यात कोणाला काही वावगं वाटलं नाही. चित्राचा अर्थ सांगायला सरकारने मिस्टर स्क्विब नावाचे जाणकार आणले होते. इटलीला जाऊन आलेले. हातात हस्तिदंती काठी.

“बिशपमहाशयांच्या उदरावर,” स्क्विबनी काठी टेकवली, “धान्याच्या कायद्यांवर टीका आहे. ह्या रेषांची जाळी पाहावी. मॅजिस्ट्रेटमहोदय डाव्या हाताने लिहीत आहेत, अर्थात न्याय वाकडा. आणि हा कुत्रा सिंहासनाकडे पाठ करून बसला आहे. ही प्रजेला सरळसरळ चिथावणी आहे.”

मागच्या बाकावर क्रू मान डोलावत होता. त्याचं आणि स्क्विबचं एका शब्दावरही दुमत नव्हतं. दोघांनाही टोबायस तुरुंगात जायला हवा होता. एकाला शिक्षा म्हणून, दुसऱ्याला शोभा म्हणून. पिंजऱ्यात टोबायस छाती काढून उभा होता, आपल्याच चित्राबद्दल इतकं नवं ऐकून थोडा भांबावलेला.

“मी डावरा नाही,” सर मार्मड्यूक नाक उडवून म्हणाले. बाकी अपमान त्यांनी गिळला होता, हा गिळता येत नव्हता. “पेनफोल्ड, तुझं काय म्हणणं आहे?”

“माझी रेषा बोलते, सरकार,” टोबायस म्हणाला. हे क्रूने शिकवलेलं होतं.

तेव्हा डॉर्कस उठली. काखेत काळ्या शालीत गुंडाळलेलं काहीतरी मोठं होतं.

“सरकार, मला बोलायचंय.”

“तू कोण?”

“ह्यांची बायको.”

“मग खाली बस. नवऱ्याच्या बाजूने बायकोची साक्ष कायद्याला चालत नाही.”

“मी कुठे साक्ष देते, सरकार? मला फक्त ते चित्राखालचं वाचायचंय. नवरा कशापायी आत जातोय, ते तरी कळू दे.”

“मग वाच! वाचता येतं ना?”

“सुलटं येत नाही, सरकार. आरसा लागतो.”

कचेरीत हशा पिकला. पाद्रीसाहेबांनी पुन्हा तीच कीव केली. सर मार्मड्यूकना आठवडाभरात पहिल्यांदा हसू आलं होतं, म्हणून त्यांनी हात हलवून परवानगी दिली. डॉर्कसने शाल सोडली, आरसा टेबलावर उभा केला आणि चित्र त्याच्यापुढे धरलं. खालच्या ओळींवर मात्र तिने पदरासारखी शाल टाकली होती.

“अगं, वाचायच्या ओळी झाकल्यास की!” सर मार्मड्यूक म्हणाले आणि आरशात बघायला वाकले. वाकले ते वाकलेलेच राहिले. आरशातले मॅजिस्ट्रेट उजव्या हाताने लिहीत होते. आणि प्रभूच्या उजव्या हाताला उभे होते, बिशपसाहेबांच्या शेजारी, मान वर करून.

“पाद्रीसाहेबांनी सही करून दिलेलं मूळ चित्र हे,” असं म्हणत डॉर्कसने पेन्सिलचित्र आरशाशेजारी ठेवलं. “बघा सरकार, तंतोतंत. कोरताना उलटवायचं असतं, ते राहून गेलं. म्हणून सगळेच डावरे झालेत. सारंगीवालासुद्धा डाव्या हाताने गज ओढतोय. त्याने कोणाचा न्याय वाकडा केला?”

पाद्रीसाहेब धावत पुढे आले आणि आपली सही पाहून पांढरे पडले, मग अर्थ लक्षात येऊन गुलाबी झाले. स्क्विब आरशात बघून म्हणाले, “ह्या बाजूने पाहिलं तर उदरावरच्या रेषा फार राजनिष्ठ वाटतात.”

“आणि अक्षरं?” सर मार्मड्यूकनी एकदम डोळे बारीक केले. “अक्षरं बरोबर जागी कशी आली? ती कोणी कोरली?”

“मी, सरकार.”

“मग कोरताना तुला दिसलं नाही, की तू बिशपना हाकलते आहेस?”

डॉर्कसने आरशाकडे पाहिलं. आरशात गिडियन प्रभूच्या डावीकडे उभा होता, शापितांत. पाद्रीसाहेबांनी घातला होता तिथे. तिनेच आत्ता, स्वतःच्या हाताने, त्याला उचलून परत तिथे नेऊन ठेवलं होतं.

“मला काय कळणार, सरकार?” ती म्हणाली. “मी अडाणी बाई. सांगतात तशी कोरते.”

पुन्हा हशा. ह्या खेपेला मोठा, सुटकेचा. अडाणी बाई आहे, हे सगळ्यांना लगेच पटलं. इतक्या लगेच दुसरं काहीच त्या दिवशी पटलं नव्हतं.

“पेनफोल्ड,” सर मार्मड्यूक म्हणाले, “हा राजद्रोह आहे की गाढवपणा? तुझ्या तोंडून ऐकू दे.”

मागून क्रू पुटपुटत होता, “नाही म्हणा, नाही म्हणा.” टोबायसने त्याच्याकडे पाहिलं. मग आरशाकडे. मग त्याची नजर चित्रावरच्या शालीवर गेली आणि तिथेच अडकली. ती शाल आरशावर कधी होती, ते त्याला आठवलं. तो भिंतीकडे तोंड करून बसलेले दिवस आठवले. त्याची छाती हळूहळू खाली बसली आणि तो पुन्हा नेहमीचा, कुबड काढलेला टोबायस झाला.

“गाढवपणा, सरकार,” तो म्हणाला. “आरसा झाकलेला होता तेव्हा. घरात मरण झालं होतं. मी सुलटंच कोरलं. चूक माझी.”

त्याला सोडून दिलं. दारात क्रू आडवा आला. “तुम्ही इतिहासाचा विश्वासघात केलात, पेनफोल्ड!”

“साहेब,” टोबायस म्हणाला, “तेवढा कुत्रा खरंच ओरखड्यावर बसवलाय हो.”

क्रूने टोपी घातली आणि तो निघून गेला. पुढच्याच महिन्यात त्याला पाणचक्कीच्या एका चित्रात क्रांती सापडली.

प्रकरण मिटलं तरी चित्र मिटलं नव्हतं. ईस्टरनंतर सात आठवड्यांनी येणाऱ्या व्हिटसनच्या सणाला बिशपसाहेब स्वतः शाळा बघायला यायचे होते आणि आपलं चित्र कसं आलंय म्हणून त्यांनी दोनदा विचारणा केली होती. पाद्रीसाहेब पेनफोल्डांच्या कामाच्या खोलीत येऊन बसले. नव्याने पत्रा कोरायचा तर सहा महिने लागणार. तेवढा वेळ नव्हता.

“सोपं आहे,” पाद्रीसाहेब शेवटी म्हणाले. “माणसं राहू द्या तिथेच. खालच्या ओळींची अदलाबदल करा. बिशपसाहेबांच्या खाली ‘या’.”

टोबायस डोकं खाजवत राहिला. “पण मग धन्य लोक प्रभूच्या डाव्या हाताला येतील, पाद्रीसाहेब. शास्त्रात तर उजव्या हाताला म्हटलंय. लहान पोरालाही पाठ आहे ते.”

पाद्रीसाहेबांनी चहा घेतला. दुसरा घेतला. एकीकडे शास्त्र, एकीकडे बिशपसाहेब. बिशपसाहेब प्रत्यक्ष येणार होते आणि शास्त्राच्या येण्याची तारीख ठरलेली नव्हती. तिसऱ्या कपानंतर त्यांचं तोंड उजळलं.

“मूळ भाषेत,” ते म्हणाले, “डाव्याउजव्याच्या बाबतीत बराच वाव आहे.”

“असं?” डॉर्कस म्हणाली.

“तुला नाही समजायचं ते. तू ओळी बदल.”

तिने बदलल्या. घोटणीने तांबं घासून घासून गिडियनच्या पायाखालचं ‘या’ पुसून टाकताना तिच्या डोळ्यांतून पाणी पत्र्यावर पडत होतं, आणि ती ते बाहीने टिपून पुन्हा घासत होती, कारण पाण्याने तांब्यावर डाग पडतो. मग तिथे तिने ‘निघा इथून’ कोरलं. तेही रेखीव. हात वाकडा चालवणं तिला जमतच नव्हतं.

बिशपसाहेब आले, चित्र पाहून प्रसन्न झाले. आपल्या खाली ‘या’ लिहिलंय एवढं त्यांनी वाचलं, पोट जरा मोठं आलंय अशी तक्रार केली आणि जेवायला गेले. प्रभूचा कुठला हात आपल्याकडे आहे, हे त्यांनी पाहिलं नाही, पाद्रीसाहेबांनी पाहिलं नाही, पत्र पाठवून चित्राची स्तुती करणाऱ्या स्क्विबनीही पाहिलं नाही.

पाहिलं ते टोबायसने. संध्याकाळी छापखोलीत नव्या प्रती वाळत टांगल्या होत्या. तो त्यांच्यापुढे उभा राहिला आणि वीस वर्षांनी पहिल्यांदा त्याला रेषा न दिसता चित्र दिसलं.

“डॉर्कस,” त्याने हाक मारली. “अगं, हा गिडियन तर प्रभूच्या उजव्या हाताला आहे.”

“आहे.”

“आधीपण होता.”

“होता.”

चित्रावरची नजर न काढता त्याने विचारलं, “अक्षरं कोरताना तुला दिसलं होतं ना हे?”

“दिसलं होतं.”

“मग मला सांगितलं का नाहीस?”

“तुम्ही फिरवलं असतंत, अहो,” डॉर्कस म्हणाली. “आणि तो इतका छान उभा होता.”

“दोन वर्षं आत गेलो असतो मी!”

“म्हणून तर आणलं तिथून तुम्हाला. त्याच्या जिवावर आणलं. भर कचेरीत त्याला परत त्या डाव्या बाजूला नेऊन उभा केला मी. तो पुन्हा मेल्यासारखं वाटलं मला.”

टोबायसने दोरीवरची एक प्रत हळूच काढली, पुसट उजेडात धरली आणि बोट ठेवलं. आधी प्रभूच्या पसरलेल्या उजव्या हातावर, मग त्या हाताखाली तिरकी टोपी घालून दात काढत उभ्या असलेल्या मेव्हण्यावर, मग त्याच्या पायाखालच्या ‘निघा इथून’ ह्या शब्दांवर.

“पाद्रीसाहेबांनी शब्द हलवले,” तो म्हणाला. “ह्याला हलवायचं कोणाला सुचलंच नाही.”

डॉर्कसने वाकून पाहिलं आणि ती हसली. ऑगस्टपासून पहिल्यांदाच हसली, आणि मग तिला हसू आवरेना. दोनशे प्रती, पाद्रीसाहेबांच्या नावाच्या, बिशपसाहेबांच्या पसंतीच्या, दुसऱ्या दिवशी सकाळी घरोघर जायच्या होत्या.